रशिया आणि युरोपातल्या सत्ता: बदलत्या दोस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात पहिल्या महायुद्धाच्या धड्यात रशिया ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूला असतो. थोडी पानं उलटली की तोच रशिया हिटलरशी करार करतो, मग हिटलरविरुद्ध लढतो आणि धडा संपता संपता ब्रिटन-फ्रान्सचा शत्रू झालेला असतो. विद्यार्थ्यांचा, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचा आणि युक्रेनच्या बातम्या वाचून जुना इतिहास चाळायला घेणाऱ्यांचा इथेच गोंधळ उडतो. त्यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

रशियाचे मित्र इतक्या वेळा का बदलले?

एकट्या रशियाचेच बदलले असं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातली प्रत्येक मोठी सत्ता बाजू बदलत होती. रशियाच्या बाबतीत ते जास्त ठळक दिसतं, कारण त्याचं सैन्य प्रचंड होतं आणि तो ज्या पारड्यात बसेल ते पारडं जड व्हायचं. मध्य युरोपात एखादी सत्ता डोईजड झाली की बाकीचे रशियाचं दार ठोठावत. आधी स्वीडन, मग फ्रान्स, मग जर्मनी. ती सत्ता पडली की काल ज्यांनी मदत मागितली त्यांनाच रशियाची धास्ती वाटू लागे.

रशियाच्या स्वतःच्या दोन अडचणी होत्या. एक म्हणजे समुद्र: उत्तरेकडची बहुतेक बंदरं हिवाळ्यात गोठतात आणि काळ्या समुद्रातून बाहेर पडायची वाट इस्तंबूलजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून जाते. दुसरी म्हणजे सपाट जमीन: पोलंडपासून मॉस्कोपर्यंत सैन्याला अडवणारा एकही डोंगर नाही. म्हणून मधला पट्टा आपल्या ताब्यात किंवा निदान आपल्या धाकात हवा, हा पीटर्सबर्ग आणि मॉस्कोचा हट्ट राज्यकर्ते बदलले तरी बदलला नाही.

या पट्ट्यात माणसं राहतात, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकांत फार वेळा विसरलं जातं. कोणताही तह वाचताना त्याची किंमत मधल्या कोणत्या देशाने मोजली ते आधी शोधावं, असं माझं ठाम मत आहे. पुढची बरीच उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

रशिया युरोपच्या राजकारणात नेमका कधी आला?

व्यापार आणि सोयरीक आधीपासून होती, पण बरोबरीची सत्ता म्हणून मान मिळाला तो पीटर द ग्रेटच्या काळात. १७०० मध्ये नार्वाला स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सने त्याचा साफ धुव्वा उडवला. पीटरने सैन्य नव्याने उभं केलं, १७०३ मध्ये बाल्टिकच्या दलदलीत सेंट पीटर्सबर्ग वसवायला घेतलं आणि १७०९ मध्ये पोल्टावाला, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, स्वीडनचा कणा मोडला. १७२१ च्या निस्टाडच्या तहाने बाल्टिकचा किनारा रशियाला मिळाला. या युद्धात डेन्मार्क आणि सॅक्सनी-पोलंड त्याच्या बाजूने होते. त्याच शतकाच्या अखेरीस पोलंड नकाशावरून पुसला गेला, आणि पुसणाऱ्यांत रशिया पहिला होता.

वेगवेगळ्या पुस्तकांत तारखा वेगळ्या का दिसतात?

रशियात फेब्रुवारी १९१८ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं. अठराव्या शतकात ते ११ दिवस, एकोणिसाव्यात १२ आणि विसाव्यात १३ दिवस मागे होतं. या पानावरच्या तारखा आजच्या कॅलेंडरप्रमाणे आहेत.

राणी मेली आणि युद्धच फिरलं, हे खरं आहे का?

खरं आहे. सात वर्षांच्या युद्धात (१७५६ ते १७६३) रशिया, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स मिळून प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रेडरिक याला घेरत होते. १७५८ मध्ये रशियन फौजांनी क्योनिग्सबर्ग घेतलं, १७५९ मध्ये कुनर्सडॉर्फला फ्रेडरिकच्या सैन्याची वाताहत केली, १७६० च्या ऑक्टोबरात त्या काही दिवसांसाठी थेट बर्लिनमध्ये शिरल्या. ५ जानेवारी १७६२ रोजी सम्राज्ञी एलिझाबेथ वारली आणि तिचा भाचा तिसरा पीटर गादीवर आला. हा कील शहरात जन्मलेला, जर्मन वळणाचा आणि फ्रेडरिकचा परमभक्त. मे महिन्यात त्याने तह केला आणि जिंकलेला सगळा मुलूख परत देऊन टाकला. दोन महिन्यांत त्याची बायको कॅथरीन हिने त्याला गादीवरून खाली खेचलं, पण तिनेही प्रशियाशी पुन्हा युद्ध उकरलं नाही.

या काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. क्योनिग्सबर्ग रशियाच्या ताब्यात असताना तिथल्या लोकांनी एलिझाबेथशी निष्ठेची शपथ घेतली होती. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याच गावचा. त्याने डिसेंबर १७५८ मध्ये विद्यापीठातल्या प्राध्यापकपदासाठी अर्ज केला तो रशियाच्या सम्राज्ञीच्या नावे. जागा त्याला मिळाली नाही. तेच गाव आज कॅलिनिनग्राड या नावाने रशियात आहे, पोलंड आणि लिथुआनिया यांच्या मधोमध.

पोलंडच्या फाळण्या कशा झाल्या?

तीन वेळा: १७७२, १७९३ आणि १७९५. पहिल्या आणि तिसऱ्या फाळणीत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया तिघेही होते. दुसरीत ऑस्ट्रिया नव्हता.

या तिघांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं. ऑस्ट्रिया आणि प्रशिया तर काही वर्षांपूर्वीच जिवावर उठले होते. तरी पोलंड वाटून घेताना तिघांचं जमलं. तुर्कांविरुद्ध रशिया जास्त जिंकतोय म्हणून ऑस्ट्रिया बिथरला होता. त्याचं समाधान करायचं तर कुणाची तरी जमीन द्यायला हवी होती, आणि दुबळा पोलंड समोर होता. पोलंडचा राजा स्टॅनिस्लॉ पोनियातोव्स्की हा कॅथरीनचा जुना प्रियकर, तिच्याच पाठिंब्याने निवडून आलेला. ३ मे १७९१ रोजी पोलंडने लिखित राज्यघटना स्वीकारून कारभार सुधारायचा प्रयत्न केला. शेजारी मजबूत होतोय हे कॅथरीनला खपलं नाही. १७९२ मध्ये सैन्य घुसलं, १७९४ मध्ये पोलिश सेनानी कोश्च्युश्कोचा उठाव चिरडला गेला आणि पुढच्या वर्षी पोलंड नावाचं राज्य उरलं नाही. ते परत दिसलं १९१८ मध्ये, १२३ वर्षांनी.

पुढे शंभर वर्षं रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांना एकत्र धरून ठेवणारा धागा हाच होता: पोलंड पुन्हा उभा राहू द्यायचा नाही. १८६३ च्या पोलिश उठावात फ्रान्स आणि ब्रिटनने झारला खलिते धाडले, तर प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने बंडखोरांच्या पाठलागात मदत देऊ केली. रशियाने ते लक्षात ठेवलं, आणि प्रशियाने पुढे ऑस्ट्रिया व फ्रान्सशी युद्धं केली तेव्हा तो बाजूला उभा राहिला.

रशियन सैन्य खरंच हिंदुस्थानकडे निघालं होतं का?

एकदा निघालं होतं. झार पहिला पॉल १७९९ मध्ये फ्रान्सविरुद्ध लढत होता. त्याचा सेनापती सुवोरोव इटलीत जिंकून आल्प्स ओलांडत होता. पण मित्र ऑस्ट्रियाने आपल्याला वाऱ्यावर सोडलं असं पॉलला वाटलं, आणि ब्रिटनने माल्टा घेऊन परत दिलं नाही तेव्हा त्याचा संताप अनावर झाला. तो नेपोलियनकडे झुकला. जानेवारी १८०१ मध्ये त्याने डॉन नदीकाठच्या कोसॅकांचा, म्हणजे तिथल्या लढवय्या घोडेस्वारांचा, सरदार ओर्लोव याला हुकूम दिला: मध्य आशियातून हिंदुस्थान गाठा आणि इंग्रजांना हुसकवा. सुमारे २२ हजार घोडेस्वार ऐन थंडीत निघाले. पुढच्या वाटेचे धड नकाशेही त्यांच्याजवळ नव्हते. २३ मार्चच्या रात्री पॉलचा त्याच्याच महालात खून झाला, मुलगा अलेक्झांडर झार झाला आणि कोसॅकांना माघारी बोलावण्यात आलं.

त्या वर्षी दिल्लीवर दौलतराव शिंद्यांचा अंमल होता आणि त्यांच्या कवायती फौजेचा प्रमुख पेराँ नावाचा फ्रेंच होता. कोसॅक खरोखर पोहोचले असते तर त्यांची गाठ पहिल्यांदा मराठ्यांशीच पडली असती. ते पोहोचण्याची शक्यता नव्हतीच, पण इंग्रजांच्या मनात रशियाची जी भीती बसली ती पुढची शंभर वर्षं निघाली नाही.

नेपोलियन आणि झार अलेक्झांडर मित्र होते की शत्रू?

आळीपाळीने दोन्ही. १८०५ मध्ये ऑस्टरलिट्झला आणि जून १८०७ मध्ये फ्रीडलंडला अलेक्झांडर हरला. २५ जून १८०७ रोजी टिल्सिटला नीमन नदीच्या मध्यावर तराफा बांधून त्यावर दोघे भेटले. प्रशियाचा राजा काठावर ताटकळत होता. त्याचा जवळजवळ निम्मा देश त्या भेटीनंतर गेला.

अलेक्झांडरने ब्रिटनशी व्यापार तोडायचं कबूल केलं आणि बदल्यात स्वीडनकडून फिनलंड घ्यायला मोकळा झाला. पण घोडं व्यापारातच अडलं. रशियाचा ताग, लाकूड आणि चरबी यांचं मोठं गिऱ्हाईक ब्रिटन होतं. ब्रिटिश आरमाराचे दोरखंड रशियन तागाचे असत. जमीनदारांचं उत्पन्न बुडालं, कागदी रूबल घसरला. १८१० च्या अखेरीस अलेक्झांडरने तटस्थ जहाजांना बंदरं उघडली आणि फ्रान्सहून येणाऱ्या चैनीच्या मालावर जबर जकात लावली. त्यात नेपोलियनने वॉर्सॉची डची, म्हणजे आपल्या छायेखालचं छोटं पोलिश राज्य, काढून पोलिश राज्य परत आणण्याची आशा जागी ठेवली होती. २४ जून १८१२ रोजी नेपोलियनने तीच नीमन ओलांडली.

त्या मोहिमेत प्रशिया आणि ऑस्ट्रियाची सैन्यं नेपोलियनसोबत होती. वर्ष संपायच्या आत प्रशियाच्या सेनापती यॉर्कने रशियनांशी परस्पर समझोता केला आणि १८१३ मध्ये दोन्ही देश झारच्या बाजूला आले. नेपोलियनचा जुना मार्शल बर्नाडोट आता स्वीडनचा युवराज होता. तोही झारच्या बाजूने लढला. ३१ मार्च १८१४ रोजी अलेक्झांडर पॅरिसमध्ये शिरला.

जिंकल्यावर दोस्तांची एकी टिकली का?

वर्षभरही नाही. अलेक्झांडरला सगळा पोलंड हवा होता, प्रशियाला सॅक्सनी. ३ जानेवारी १८१५ रोजी, युरोपची नवी घडी बसवायला सगळे व्हिएन्नात जमले होते तिथेच, ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि हरलेला फ्रान्स यांनी रशिया-प्रशियाविरुद्ध गुप्त तह केला. दोन महिन्यांनी नेपोलियन एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून परत आला. पळून गेलेला फ्रान्सचा राजा अठरावा लुई याच्या कागदपत्रांत त्याला या तहाची प्रत सापडली आणि त्याने ती झारकडे पाठवून दिली. झार चिडला, पण समोर नेपोलियन असताना भांडण वाढवण्यात अर्थ नव्हता.

ऑस्ट्रियाला रशियाने वाचवलं, मग क्रिमियन युद्धात ऑस्ट्रिया उलटला कसा?

१८४९ मध्ये हंगेरीच्या क्रांतीने ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडायला आलं होतं. झार पहिल्या निकोलसने मोठी फौज पाठवून ते सावरलं. हंगेरीच्या सैन्याने ऑगस्टमध्ये विलागोशला शस्त्रं ठेवली ती रशियनांपुढे. पाच वर्षांतच, १८५४ मध्ये, रशियाने आदल्या वर्षी व्यापलेले डॅन्यूबकाठचे मोल्डेव्हिया आणि वालाकिया हे प्रांत सोडावेत म्हणून ऑस्ट्रियाने त्याला निर्वाणीचा इशारा दिला आणि स्वतःचं सैन्य तिथे घातलं. निकोलसच्या लेखी हा विश्वासघात होता. ऑस्ट्रियाच्या लेखी डॅन्यूब ही त्याची जीवनवाहिनी होती. तिच्या मुखाशी रशिया बसणं त्याला परवडणारं नव्हतं. उपकाराची आठवण राज्यांना असते, पण तिच्यापायी कुणी आपली नदी सोडत नाही.

क्रिमियात ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला होते. इटलीच्या एकीकरणाला पाठिंबा मिळावा म्हणून सार्डिनियाही आला. सेवास्तोपोलचा वेढा ऑक्टोबर १८५४ ते सप्टेंबर १८५५ असा चालला. १८५६ च्या पॅरिस तहाने काळ्या समुद्रात रशियाला आरमार ठेवायची बंदी घातली. ती त्याने १८७० मध्ये, फ्रान्स-प्रशिया युद्धाची संधी साधून, एकतर्फी झुगारली.

आपल्याकडच्या वाचकांनी इथे अझीमुल्ला खानांकडे जरूर पाहावं. नानासाहेब पेशव्यांचे वकील म्हणून ते पेन्शनची कैफियत घेऊन लंडनला गेले होते. कंपनीने दाद दिली नाही. परतताना १८५५ मध्ये ते इस्तंबूलहून वाट वाकडी करून क्रिमियाला गेले आणि तिथे त्यांची गाठ बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेलशी पडली. इंग्रजांना आणि फ्रेंचांना एकत्र तोंड देणारे हे रशियन कोण, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. इंग्रज फौजेची तिथली दुर्दशा पाहून ते बिठूरला परतले. दोन वर्षांनी काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

बिस्मार्कने रशियाला कसं सांभाळलं आणि ते कुणी बिघडवलं?

फ्रान्स आणि रशिया एकत्र आले तर जर्मनीला दोन आघाड्यांवर लढावं लागेल, हे बिस्मार्कला पक्कं ठाऊक होतं. म्हणून १८७३ मध्ये आणि पुन्हा १८८१ मध्ये त्याने जर्मनी, ऑस्ट्रिया आणि रशिया अशी तीन सम्राटांची मोट बांधली. पण बाल्कनमध्ये ऑस्ट्रिया आणि रशिया सतत आमनेसामने येत. १८७८ च्या बर्लिन परिषदेत तुर्कांवरच्या विजयाचा मोठा वाटा रशियाच्या हातून गेला आणि राग निघाला यजमान बिस्मार्कवर. १८८७ मध्ये त्याने फक्त रशियाशी गुप्त 'पुनर्विमा' तह केला, म्हणजे एक युद्धात पडला तर दुसऱ्याने तटस्थ राहायचं. त्याच वर्षी जर्मन सरकारी बँकेने रशियन रोखे तारण म्हणून घ्यायचं बंद केलं, आणि ही चूक त्याची स्वतःची होती असं मला वाटतं. पैशाची निकड असलेला रशिया पॅरिसच्या बाजाराकडे वळला. १८९० मध्ये बिस्मार्क गेल्यावर नव्या सरकारने तहाचं नूतनीकरण नाकारलं आणि उरलेली दोरीही तुटली.

राजेशाही रशिया आणि प्रजासत्ताक फ्रान्स यांचं जमलं कसं?

पैसा आणि जर्मनीची भीती. जुलै १८९१ मध्ये फ्रेंच आरमार पीटर्सबर्गजवळच्या क्रोनश्टाट बंदरात आलं तेव्हा झार तिसरा अलेक्झांडर टोपी काढून उभा राहिला आणि समोर फ्रेंच राष्ट्रगीत वाजलं. हे क्रांतीचं गाणं रशियात बंदी असलेलं. १८९४ च्या सुरुवातीला लष्करी करार पक्का झाला: जर्मनीने हल्ला केल्यास फ्रान्सने १३ लाख आणि रशियाने ७ ते ८ लाख सैनिक उतरवायचे.

फ्रान्समधल्या लाखो साध्या कुटुंबांनी आपली बचत रशियन रोख्यांत घातली. त्या पैशाने रशियात रेल्वे झाली. १९१८ मध्ये बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांनी, झारची सगळी कर्जं रद्द केली आणि त्या घरांतली पुंजी बुडाली. शतकाच्या अगदी शेवटी रशियाने तडजोड म्हणून फ्रान्सला ४० कोटी डॉलर दिले.

ब्रिटन आणि रशिया तर आशियात हाडवैरी होते, मग १९०७ चा करार?

१९०५ मध्ये जपानकडून हरल्यावर आणि घरात क्रांती पेटल्यावर रशिया थकला होता. ब्रिटनला आता उत्तर समुद्रातलं जर्मन आरमार जास्त खुपत होतं. ३१ ऑगस्ट १९०७ रोजी दोघांनी इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट यांवरचे वाद मिटवले. इराणचा उत्तर भाग रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेय भाग ब्रिटनच्या, मधला मोकळा. इराणमध्ये वर्षभरापूर्वीच संसद आली होती. तिला कुणी विचारलं नाही. अफगाण अमीर हबीबुल्लालाही नाही. इथेही तोच प्रकार: मधल्यांच्या डोक्यावरून सही.

याच सुमारास सेनापती बापट आणि हेमचंद्र कानुनगो पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवण्याची माहिती मिळवत होते. लंडन आणि पीटर्सबर्ग जवळ आले तसे त्या दोन्ही साम्राज्यांना वैतागलेले लोकही एकमेकांना भेटले.

तिघे राजे भाऊ-भाऊ होते, तरी महायुद्ध थांबलं नाही?

रशियाचा दुसरा निकोलस आणि ब्रिटनचा पाचवा जॉर्ज हे सख्खे मावसभाऊ. जर्मनीचा कैसर विल्यम जॉर्जचा आतेभाऊ, आणि निकोलसची बायको राणी व्हिक्टोरियाची नात. १९०५ मध्ये ब्यॉर्कोच्या किनाऱ्याजवळ एका नौकेवर विल्यम आणि निकोलस यांनी आपसांत संरक्षण करार करून टाकला. रशियन मंत्र्यांनी तो फ्रान्सशी झालेल्या कराराविरुद्ध जातो म्हणून बासनात गुंडाळला. १९१४ च्या जुलैअखेर दोघांनी 'विली' आणि 'निकी' अशा सह्या करून एकमेकांना तारा पाठवल्या. १ ऑगस्टला दोघांच्या देशांत युद्ध सुरू झालं. १९१७ मध्ये निकोलसला आश्रय द्यायची तयारी ब्रिटनने आधी दाखवली, पण स्वतःच्या सिंहासनाला धग लागेल या भीतीने जॉर्जने ती मागे घ्यायला लावली.

कम्युनिस्ट रशिया आणि नाझी जर्मनी एकत्र आलेच कसे?

नाझी येण्याआधीपासून दोघांचे धागे जुळले होते. पहिल्या महायुद्धानंतर दोघेही वाळीत टाकलेले देश. १६ एप्रिल १९२२ रोजी इटलीतल्या रापालोला त्यांनी करार केला. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला विमानं आणि रणगाडे बंद होते, म्हणून जर्मन अधिकारी रशियातल्या लिपेत्स्कला विमानं आणि कझानजवळ रणगाडे चालवायला शिकले. हिटलर आल्यावर १९३३ मध्ये हे थांबलं.

मग स्टालिनने उलटी वाट धरली. १९३५ मध्ये फ्रान्स आणि चेकोस्लोव्हाकियाशी करार केले. १९३८ च्या म्युनिक परिषदेत चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला दिला गेला तेव्हा रशियाला बोलावलंही नाही. १९३९ च्या उन्हाळ्यात ब्रिटन-फ्रान्सचं शिष्टमंडळ जहाजाने रमतगमत मॉस्कोला पोहोचलं. पोलंड आमच्या सैन्याला वाट देईल का, या रशियाच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि पोलंड नाही म्हणत होता. पोलंडला दोष देता येत नाही. आलेलं रशियन सैन्य परत जात नाही हा त्याचा अनुभव होता. २३ ऑगस्टचा अनाक्रमण करार आणि त्याची गुप्त पुरवणी यांनी पोलंड, बाल्टिक देश, फिनलंड आणि बेसारेबिया (मुख्यतः आजचा मोल्डोव्हा) वाटून घेतले. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून हिटलर आला, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिन. ही गुप्त पुरवणी होती हे मॉस्कोने अधिकृतपणे मान्य केलं ते डिसेंबर १९८९ मध्ये.

२२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर हल्ला केला त्या रात्रीही रशियन मालाच्या गाड्या जर्मनीकडे जात होत्या. जन्मभर बोल्शेविकांचा द्वेष करणाऱ्या चर्चिलने त्याच संध्याकाळी रेडिओवरून रशियाला मदत जाहीर केली.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो कोल्हापूरजवळ वळिवड्याला आहे. १९४० आणि १९४१ मध्ये स्टालिनच्या राजवटीने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवली. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर पोलंडचं परागंदा सरकार आणि स्टालिन एका बाजूला आले. जुलै १९४१ च्या समझोत्याने या कैद्यांना सुटका मिळाली. त्यातले बरेच इराणमार्गे बाहेर पडले. त्यांच्यातल्या सुमारे पाच हजार जणांची, मुख्यतः बायका-मुलांची, वसाहत १९४३ पासून वळिवड्याला होती. शाळा, चर्च, दवाखाना सगळं तिथे होतं. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. त्यातले अनेक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया असे विखुरले. त्या जागी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचं गांधीनगर वसलं. वॉर्सॉमध्ये आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

एका कराराने बेघर झालेली आणि दुसऱ्या कराराने सुटलेली ही माणसं पंचगंगेच्या खोऱ्यात पाच वर्षं राहिली. महायुद्धाच्या धड्यात हे आपल्या मुलांना शिकवायला हवं.

चर्चिल आणि स्टालिनने चिठ्ठीवर देश वाटले, ही दंतकथा आहे का?

नाही. ९ ऑक्टोबर १९४४ च्या रात्री मॉस्कोत चर्चिलने कागदाच्या तुकड्यावर आकडे लिहिले: रुमानियात रशियाचा ९० टक्के वाटा, ग्रीसमध्ये ब्रिटनचा ९०, युगोस्लाव्हिया आणि हंगेरी निम्मे-निम्मे, बल्गेरियात रशियाचा ७५. स्टालिनने निळ्या पेन्सिलीने खूण केली. हे चर्चिलने स्वतःच पुढे लिहून ठेवलं. यादीत पोलंड नव्हता. तिथे तोवर रशियन सैन्यच पोहोचलं होतं.

शीतयुद्धात तरी गट पक्के होते ना?

नकाशावर पक्के, आत बरीच चुळबुळ. युगोस्लाव्हियाचा टिटो १९४८ मध्येच स्टालिनपासून फुटला. अल्बानिया १९६८ मध्ये वॉर्सॉ करारातून, म्हणजे रशियाच्या लष्करी गटातून, बाहेर पडला. पश्चिमेकडे राष्ट्राध्यक्ष द गॉलने १९६६ मध्ये फ्रान्सला नाटोच्या लष्करी रचनेतून काढलं आणि त्याच वर्षी तो मॉस्कोला जाऊन आला. १९७० मध्ये पश्चिम जर्मनीने रशियाला मोठ्या व्यासाचे पाइप देऊन बदल्यात नैसर्गिक वायू घ्यायचा सौदा केला. १९८० च्या दशकात अमेरिकेने पुढच्या पाइपलाइनला विरोध केला तेव्हा रेगनची जवळची मैत्रीण थॅचरही युरोपच्या बाजूने उभी राहिली. हंगेरीला १९५६ मध्ये आणि चेकोस्लोव्हाकियाला १९६८ मध्ये मात्र अशी मोकळीक मिळाली नाही. तिथे रणगाडे आले.

नाटो पूर्वेकडे वाढणार नाही असं वचन दिलं होतं का?

फेब्रुवारी १९९० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर यांनी गोर्बाचेव यांच्याशी बोलताना तसे शब्द वापरल्याची नोंद आहे. विषय जर्मनीच्या एकीकरणाचा होता. सप्टेंबर १९९० च्या तहात लिहिलं गेलं ते एवढंच की पूर्व जर्मनीच्या भागात परकी सैन्य आणि अण्वस्त्रं ठेवली जाणार नाहीत. बाकीच्या देशांबद्दल लेखी काही नाही. रशियाची फसवल्याची भावना खरी आहे, हे मी मान्य करतो. पण १९९९ आणि २००४ मध्ये नाटोत आलेल्या पोलंड, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया यांना कुणी ओढून आणलं नव्हतं. १७९५, १९३९ आणि १९४० या साली काय झालं ते त्यांच्या घराघरात माहीत होतं.

दुसरं एक वचन मात्र लेखी होतं. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टला रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याची हमी दिली आणि युक्रेनने जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा सोडून दिला. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केलं. त्या वेळी युक्रेनच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणारी महाराष्ट्रातली मुलं सीमेपर्यंत पायपीट करत पोलंड, रुमानिया आणि हंगेरीमार्गे घरी परतली.

फिनलंड आणि स्वीडन इतकी वर्षं अलिप्त राहून आता नाटोत का गेले?

फिनलंडने रशियाशी जगण्याचे सगळे प्रकार करून पाहिले आहेत. १८०९ पासून तो झारच्या अमलाखाली स्वायत्त होता. हेलसिंकीच्या मुख्य चौकात झार दुसऱ्या अलेक्झांडरचा पुतळा अजून आहे, कारण त्याने फिनिश संसद पुन्हा भरवली. पुढच्या झारांनी स्वायत्तता आवळली तेव्हा लोक निषेध म्हणून त्याच पुतळ्यापाशी फुलं ठेवत. १९१७ मध्ये देश स्वतंत्र झाला. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी स्टालिनने हल्ला केला आणि मार्चपर्यंत देशाचा सुमारे दहावा हिस्सा घेतला. १९४१ ते १९४४ फिनलंड जर्मनीच्या बाजूने लढला, मग त्याच जर्मनांना उत्तरेतून हाकललं. १९४८ मध्ये रशियाशी मैत्री करार करून त्याने गटबाजीपासून लांब राहणं पत्करलं. लोकशाही टिकली, पण मॉस्कोला काय वाटेल याचा अंदाज घेऊनच बोलायची सवय लागली.

२०२२ पर्यंत फिनिश जनमत नाटोच्या बाजूने नव्हतं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांत ते उलटलं. ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड सदस्य झाला, ७ मार्च २०२४ रोजी स्वीडन. स्वीडन १८१४ नंतर एकाही युद्धात उतरला नव्हता. फिनलंडच्या प्रवेशाने नाटो आणि रशिया यांची सामाईक सीमा तेराशे किलोमीटरहून जास्त वाढली.